वानगी आणि माल

वानगी एक आणि पोत्यातला माल दुसरा, असा अनुभव एकदा आला की गिऱ्हाईक त्या पेढीची पायरी पुन्हा चढताना विचार करते. व्हिडिओ गेमच्या बाजारात हाच धडा पोलंडमधील एका नामवंत कंपनीला फार महागात मिळाला.

वॉर्सा येथील सीडी प्रोजेक्ट ही कंपनी १९९४ साली दोन मित्रांनी सुरू केली. प्रारंभी ती इतरांचे गेम विकत असे. पुढे स्वतः घडवू लागली. २०१५ मधील ‘द विचर ३’ने तिला जगभर पत मिळवून दिली. ‘सायबरपंक २०७७’ची घोषणा मात्र २०१२ मध्येच झाली होती. पहिल्या जाहिरातपटात कंपनीने ‘तयार होईल तेव्हा येईल’ एवढेच सांगितले होते. हा संयम पुढे टिकला नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध अभिनेते कियानू रीव्ह्ज यांना व्यासपीठावर आणून १६ एप्रिल २०२० ही तारीख जाहीर झाली. ती तीनदा पुढे ढकलून अखेर १० डिसेंबरला गेम बाजारात आला. तोवर ८० लाख प्रतींची आगाऊ नोंदणी झाली होती.

समीक्षकांच्या हाती आधी पडली ती संगणकावरील आवृत्ती. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर मात्र चित्रे धूसर दिसत आणि खेळ मध्येच बंद पडे. आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला व ग्राहकांना पैसे परत देऊ केले. जानेवारी २०२१ मध्ये संस्थापकांपैकी एक, मार्चिन इविन्स्की, यांनी जाहीर क्षमा मागितली. दुरुस्त्या पुढे कित्येक महिने चालल्या. २०२३ च्या मोठ्या सुधारणेनंतर त्याच गेमची प्रशंसा झाली. ज्यांनी वाट पाहिली, त्यांना चांगला माल मिळाला, तोही बहुधा सवलतीत.

विसार देण्यामागे व्यवहार असतो: साठा मर्यादित असतो, भाव वाढण्याची शक्यता असते. डिजिटल गेमचा साठा संपत नाही. पहिल्याला मिळते तेच लाखाव्या ग्राहकालाही मिळते. मग आगाऊ रकमेची घाई विक्रेत्याच्याच सोयीची ठरते.

घरातील मुलाने नव्या गेमच्या नोंदणीचा हट्ट धरला, तर त्याला रागावण्याचे कारण नाही. त्याला एवढेच विचारावे: जाहिरातीत दाखवलेला खेळ कोणत्या यंत्रावर चालला होता? आपल्याकडील यंत्रावर तो कोणा तटस्थ माणसाने खेळून पाहिला आहे का? न आवडल्यास पैसे परत मिळण्याच्या अटी काय आहेत? उत्तरे त्यानेच शोधून आणावीत. उद्या पेढीवर बसल्यावर माल पारखताना त्याला हेच प्रश्न विचारावे लागणार आहेत.