जुना आयपॉड घेताना
गाणं मनापासून ऐकायचं असेल तर वापरलेला आयपॉड घ्यायला अजिबात कचरू नका, पण भिस्त डोळ्यांपेक्षा कानांवर ठेवा. हार्ड डिस्कवाला आयपॉड क्लासिक २०१४ मध्येच बंद झाला, त्यामुळे बाजारात मिळतो तो बहुतेक हाताळलेलाच. माझी पसंती २००५ सालच्या पाचव्या पिढीला. तिच्यातल्या वुल्फसन चिपचा आवाज मला आजही भरदार वाटतो. स्टीलच्या पाठीवरचे ओरखडे सोडून द्या, ते असणारच. पाठ फुगलेली दिसली तर मात्र बॅटरी फुगली आहे असं समजा आणि तो नग हातातून खाली ठेवा. विक्रेत्याला आधीच सांगून आपल्या ओळखीचं गाणं त्यात भरून घ्या, शक्यतो जिथे नुसता तानपुरा आणि संथ आलाप आहे असं. स्वतःचा हेडफोन लावा आणि पिन जॅकमध्ये बोटांनी हलकेच फिरवा. खरखर आली किंवा एका कानातला आवाज गेला, तर जॅक झिजला आहे. डिस्क टकटक करत असेल तर भाव पाडून मागा. तिच्या जागी मेमरी कार्ड बसवता येतं. फ्लॅक फाइल आयपॉडवर मुळात वाजत नाहीत. सीडीवरून घेतलेल्या असतील तर ॲपल लॉसलेसमध्ये बदलून घ्या, दर्जा तसूभरही घटत नाही.