अण्णा आणि डॉज चार्जर

या सदराच्या वाचकांना एव्हाना ठाऊक झालेच असेल की, यंत्रे आणि मी यांचे फारसे सख्य नाही. सायकलची साखळी निसटली तर मी सायकल हाती धरून घरी येतो. स्कूटर बंद पडली तर तिची मनधरणी करून पाहतो. मराठीच्या प्राध्यापकाला कर्तरी आणि कर्मणी प्रयोग कळतात. कार्ब्युरेटर कळत नाही. तेव्हा यंदाच्या दिवाळी अंकात मी मोटारींविषयी लिहिणार, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी हातातला सोऱ्या खाली ठेवला आणि विचारले, "संपादकांनी विषय दिला, की शिक्षा?"

विषय संपादकांनी दिलेला नाही. तो चिरंजीवांच्या मोबाइलमधून घरात शिरला.

चिरंजीव यंदा दहावीला आहेत. एका रात्री त्यांच्या खोलीतून असा काही घरघराट आला, की गल्लीत उसाचा ट्रॅक्टर शिरला असावा असेच मला वाटले. आत जाऊन पाहतो, तो स्वारी पलंगावर पालथी पडलेली, पुढे भूगोलाचे पुस्तक उभे, आणि पुस्तकाच्या आड मोबाइलच्या पडद्यावर एक लांबलचक काळी मोटार धूर सोडीत उभी!

"बाबा, डॉज चार्जर! 1968 ची! 426 हेमी इंजिन, व्ही-एट, 425 हॉर्सपॉवर!"

एवढे आकडे याला इतिहासाच्या पेपरात आठवते, तर मी संकष्टी धरली असती.

मग त्याने माझी शिकवणी घेतली. अशा मोटारींना अमेरिकेत 'मसल कार' म्हणतात. मी 'पिळदार मोटार' हा प्रतिशब्द सुचवला. तो एकमताने, म्हणजे त्याच्या एकट्याच्या मताने, फेटाळला गेला. मध्यम आकाराची साधी मोटार घ्यायची आणि तिच्यात मोठ्या मोटारीचे दांडगे इंजिन बसवायचे, अशी ही युक्ती. 1964 साली पाँटिअ‍ॅक कंपनीच्या जीटीओने या मोटारींचे युग सुरू झाले असे मानतात. पुढे विमा महागला, धुराविषयीचे नियम कडक झाले, 1973 साली तेलाचे संकट आले आणि हे पहिलवान आखाड्यातून बाहेर पडले. आमचे चिरंजीव जन्मले त्यानंतर चाळीस वर्षांनी. आणि तरी कोणत्या साली पुढच्या दिव्यांची ठेवण बदलली, हे त्यांना पाठ. कुणी शिकवले? कुणीच नाही. दूरदेशीचा कुणी म्हातारा आपल्या गॅरेजात मोटारीचे झाकण उघडून बोलत बसतो आणि नगरच्या सावेडीतला पोरगा जेवण विसरून ऐकतो!

आमचे बोलणे चालले असताना पडवीतल्या खाटेवरून आवाज आला, "डाज म्हणला का रं?"

हे आमचे अण्णा. वय पंचाहत्तर. एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले त्याला सतरा वर्षे झाली. आई गेल्यापासून त्यांचे बोलणे 'चहा झाला का' आणि 'दिवा मालवा' एवढ्यावर आले होते.

"डाज न् फार्गो एकाच घरचं," अण्णा म्हणाले. "फार्गोवर मी किन्नर व्हतो."

चिरंजीव उठून बसले. त्यांनी मोबाइलवर शोधले, आणि म्हाताऱ्याचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. डॉज आणि फार्गो ही दोन्ही अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीचीच लेकरे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्याने डॉज आणि फार्गोचे ट्रक बाहेर पडले. ज्या पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने मुंबईकरांचा 2023 च्या ऑक्टोबरात निरोप घेतला, तीही याच कारखान्याची लेक. म्हणजे ज्या घराण्याच्या थोरपणाने आमचा पोरगा भारावला होता, त्या घराण्याशी आमची सोयरीक साठ वर्षांपूर्वीचीच होती. फक्त घरात कुणी ते विचारले नव्हते.

इथे एक गुपित फोडतो. चिरंजीवांनी यापूर्वी स्वतः एक व्हिडिओ केला होता. गल्लीच्या टोकाशी, चिंचेखाली उभ्या असलेल्या एका जुन्या पद्मिनीभोवती फिरत त्यांनी अमेरिकन धाटणीचे इंग्रजी झाडले होते. तो एकतीस जणांनी पाहिला. त्यांत आमच्या घरचे चौघे. आता मात्र त्यांनी मोबाइल अण्णांसमोर धरला आणि साध्या मराठीत विचारले, "आबा, फार्गो सुरू कशी करायची?"

बस्स, एवढेच! मी असतो तर विचारले असते, 'त्या काळच्या वाहतुकीविषयी तुमचे काय मत आहे?' आणि अण्णा म्हणाले असते, 'बरी व्हती.' पोराने 'कशी' विचारले, आणि अण्णा उठून उभे राहिले.

"हँडल मारायचं," अण्णा म्हणाले आणि अंगणात वाकून त्यांनी हवेतच हँडल धरले. "पर अंगठा असा बोटांच्या बाजूनंच ठिवायचा. येटोळा घालायचा न्हाई. इंजिन उलटं फिरलं तर हँडल मागं मारतं. मी पैल्या हप्त्यातच येटोळा घातला." आणि त्यांनी डाव्या हाताने उजवा अंगठा उचलून दाखवला. तो अंगठा वाकडा आहे हे मी जन्मापासून पाहत आलो. का वाकडा आहे, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

मग रोज संध्याकाळी हा वर्ग भरू लागला. सोळाव्या वर्षी अण्णा फार्गोवर होते, ती प्रवरानगरच्या साखर कारखान्याला ऊस वाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला तो सहकारी कारखाना शाळेच्या पुस्तकात सर्वांनीच वाचला आहे. पण गळिताच्या हंगामात गाड्यांच्या रांगेत रात्र काढताना इंजिनाच्या उबेला पाठ लावून झोपायचे असते, हे पुस्तकात नाही.

त्यानंतर एस.टी. आली. 1 जून 1948 ला एस.टी.ची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली, हे नगरकराला सांगावे लागत नाही. तोच बाहेरगावच्या माणसाला आग्रहाने सांगतो. त्या आरंभीच्या काळात बेडफर्ड, शेवरलेट, स्टुडबेकर, मॉरिस अशा दहा घराण्यांच्या गाड्या एस.टी.त नांदत होत्या. सांगाडा लाकडी, बाकांत काथ्या. आणि बरोबर 74 वर्षांनी, 1 जून 2022 ला, त्याच मार्गावर विजेवर चालणारी 'शिवाई' निघाली. या दोन तारखांच्या मधले सारे गिअर माणसांच्या हातांनी टाकले. अण्णांनी खाटेवर बसून डबल क्लच शिकवला: क्लच दाबून गिअर मोकळा करायचा, पाय उचलायचा, उतरता गिअर असेल तर थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मगच गिअर टाकायचा. "कानानं टाकायचा गिअर," अण्णा म्हणाले. "इंजिन सांगतं कवा टाक ते." आणि घाटाचा नियम: ज्या गिअरमध्ये घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतर.

एका संध्याकाळी चिरंजीवांनी विचारले, "आबा, गाडी सोडून कधी कुठे गेलात का?"

"ड्रायव्हर गाडी सोडत नसतो," अण्णा म्हणाले. मग थोडे थांबून, "एकदा गेलतो. तुझा बाप कालिजात भाषणाला उभा व्हता. माझी गाडी स्टँडावर अर्धा तास व्हती. गेलो. दाराशी हुबा ऱ्हायलो. ह्यानं पाह्यलं, मग खिडकीकडं पाह्यलं. म्हटलं, आपल्यापायी पोराचं पाठांतर चुकायचं. आलो निघून. बक्षीस मिळालं त्याला." आणि लगेच, "हां, तर ब्रेकचं सांगत व्हतो..."

मी दारामागे चहाचा कप घेऊन उभा होतो.

वाचकहो, आता पुढचे मलाच सांगितले पाहिजे. त्या दिवशीचा विषय होता 'श्रमाची प्रतिष्ठा'. मी अण्णांना पाहिले होते. खाकी कपडे, दंडावर पितळी बिल्ला. शेजारच्या मित्राने विचारले, "दारात कोण रे तो?" मी म्हणालो, "असेल कुणा पाहुण्यांचा ड्रायव्हर." मला दुसरे बक्षीस मिळाले. तो चषक अजून कपाटात आहे. पंचवीस वर्षे मी अशी समजूत करून घेतली होती, की गर्दीत अण्णांच्या ते लक्षातच आले नसेल.

रात्री चिरंजीव माझ्या टेबलाशी आले. "बाबा, ते भाषणाचं ठेवू, की काढू?"

वर्गात मी मुलांना सांगत असतो, की आत्मचरित्रकाराने स्वतःला वाचवू नये. सांगणे सोपे असते. मी बराच वेळ खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला. शेवटी म्हणालो, "ठेव." मग पडवीत गेलो.

"अण्णा, मी तेव्हा पाहिलं होतं तुम्हाला."

"म्हाईत हाय की," अण्णा म्हणाले. "झोप आता. सकाळी तास असंल तुझा."

तो व्हिडिओ किती जणांनी पाहिला हे सांगून मी तुम्हाला दिपवणार नाही. एकतीसपेक्षा पुष्कळच जास्त, एवढे पुरे. पण माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने तो पाहिला आणि तास संपल्यावर येऊन म्हणाला, "सर, माझे आजोबा रोड रोलरवर होते. विचारू का त्यांना?" त्या दिवसापासून प्रथम वर्षाच्या मुलांना मी निबंधाऐवजी हेच काम दिले आहे: घरातल्या किंवा गल्लीतल्या जुन्या हाताला बोलते करा, आणि त्याचे शब्द त्याच्याच उच्चारात उतरवा. हँडल, रेस, किन्नर, पाटे, कमान. शब्दकोशात धड न सापडणारी ही मराठी माझ्या टेबलावर साचू लागली आहे.

नव्या पिढीला जुन्याची गोडी नाही, अशी तक्रार आपण सारेच करतो. मला वाटते, आपण तिला जुन्याचा नुसता मोठेपणा सांगतो, आणि मोठेपण ऐकून पोरांना जांभई येते. तिला हवे असते ते 'कसे': अंगठा कुठे ठेवायचा, पाय केव्हा उचलायचा, आणि कुणाचे काय चुकले. मागल्या महिन्यात तिघे मिळून आम्ही आपल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलो. लष्कराने 1994 साली उभारलेले हे संग्रहालय मी पाहुण्यांना दाखवायला दहा वेळा तरी गेलो असेन. दर वेळी पाट्या वाचून बाहेर पडलो. या वेळी 'विजयंता'समोर चिरंजीव म्हणाले, "आबा, याचं इंजिन लेलँडचं!" अण्णा हात मागे बांधून त्या लोखंडाभोवती सावकाश फिरले आणि म्हणाले, "मंग ह्याला बी घाटात जपूनच न्यावं लागत असंल." पाऊण तास मी त्या दोघांच्या मागून चाललो होतो. मला त्यातले निम्मे कळले नाही, आणि तरी बाहेर पडावेसे वाटले नाही.

यंदा खंडेनवमीला आमच्या पाटावर नेहमीप्रमाणे माझी पुस्तके मांडली होती. चिरंजीवांनी त्यांच्या शेजारी मोबाइल ठेवला. त्यावर सौभाग्यवतींनी कुरकुर केली, पण हळदकुंकू वाहिले. मी आत जाऊन अण्णांच्या ट्रंकेतून बिल्ला काढून आणला. चिंच लावून घासला, तेव्हा नंबर दिसू लागला. तो मी पुस्तकांच्या आधी, पाटाच्या मधोमध ठेवला.

अण्णा पाहत होते. त्यांनी झेंडूचे एक फूल उचलून बिल्ल्यावर ठेवले आणि विचारले, "चहा झाला का?"