मानपूरला काय कमी आहे?

नैसर्गिक संसाधनांचे संवर्धन शिकायचे तर मोठे विद्यापीठ गाठावे, आडगावच्या लहान महाविद्यालयात ना उपकरणे ना नाव, असा सल्ला इंदूरच्या मराठी घरांतूनही ऐकू येतो. मला तो साफ अमान्य आहे.

मानपूरचेच पाहा. महू तालुक्यातले, आग्रा-मुंबई महामार्गावरचे हे गाव विंध्याच्या कडेला वसले आहे. जवळच्या जानापाव डोंगरावर चंबळ उगम पावते. या भागात उत्तर उतारावर पडलेला पाऊस चंबळ, यमुना, गंगा अशा वाटेने बंगालच्या उपसागराला मिळतो; दक्षिणेकडचा घाट उतरून नर्मदेत आणि पुढे अरबी समुद्रात जातो. पाणलोट समजून घ्यायला याहून चांगली जागा कोणत्या विद्यापीठाच्या आवारात आहे?

उपकरणांचा आक्षेप अर्धा खरा आहे. पाण्यातले कीटकनाशकांचे अंश तपासायला सुसज्ज प्रयोगशाळा लागते. नमुने इंदूरला न्यावेत. पण माळव्याच्या काळ्या मातीखाली बेसाल्ट आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत जेवढे मुरेल तेवढेच भूजल. म्हणून एका विहिरीला मे महिन्यातही पाणी असते आणि बांधापलीकडची कोरडी पडते. असा प्रदेश लांबून काढलेल्या नकाशात पुरता सापडत नाही. तो विहिरीगणिक मोजावा लागतो, पावसाळ्याआधी आणि नंतर, वर्षानुवर्षे. त्यासाठी दोरी, टेप, वही आणि संध्याकाळी त्याच गावात परतणारा विद्यार्थी हवा. लहान महाविद्यालयाच्या वर्गात आसपासच्या कितीतरी गावांची मुले बसलेली असतात. मोठ्या विद्यापीठाला पैसा खर्चूनही हे मिळवता येत नाही.

साध्या साधनांतून मोठे ज्ञान निघत नाही म्हणणाऱ्यांनी इंदूरचाच इतिहास वाचावा. इथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची पद्धत बसवली आणि 1931 साली दोघांच्या नावाने तिचे पुस्तक निघाले. ती संशोधन संस्था होती, महाविद्यालय नव्हे, हे खरे. पण सामग्री कोणती? कपाशीच्या पळकाट्या, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, राख. तीच पद्धत जगभर इंदूरच्या नावाने ओळखली गेली. आजही शेजारच्या देवास जिल्ह्यात, नीमखेड्यासारख्या वस्तीत, समाज प्रगती सहयोग या संस्थेचे बाबा आमटे केंद्र पाणलोटाच्या कामाचे प्रशिक्षण देते.

दोष आहे तो शिकवण्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पर्यावरण हा विषय पदवीला सक्तीचा झाला; पुष्कळ ठिकाणी मात्र तो गाइड वाचून सोडवायचा पेपर होऊन बसला आहे. हे लहान महाविद्यालयात होते तसे मोठ्यातही होते, आणि ते बदलायला नवी इमारत लागत नाही.

प्राचार्यांना आणि विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला माझी विनंती आहे: या विषयाचे निम्मे गुण विद्यार्थ्याने आपल्या गावातल्या एका विहिरीच्या वर्षभर ठेवलेल्या नोंदींना द्या, आणि त्या नोंदी ग्रामसभेत वाचून दाखवायला लावा.