कमांडो व्हायचंय? मग दुखणं लपवू नका

पहाटे पाच-साडेपाचला मी फिरायला बाहेर पडतो तेव्हा बीड-परळी रस्त्याच्या कडेने पोरं पळत असतात. थंडी असो, धुकं असो, ही पोरं चुकत नाहीत. कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय, कुणी अग्निवीरची. त्यात आता आणखी एक स्वप्न मिसळलंय. मोबाईलवर कमांडोंचे व्हिडिओ पाहून दवाखान्यात येतात आणि विचारतात, "सर, पॅरा एसएफला जायचंय. त्यांच्या मेडिकलला काय काय बघतात?"

या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी माझी एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे आला. आईवडील सहा महिने ऊसतोडीला बाहेर, हा आजीजवळ राहून तयारी करायचा. नडगी दुखते म्हणाला. दवाखान्यात गर्दी होती. मी आठ दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, मी पुन्हा गोळ्या दिल्या. नडगीवरून एकदा अंगठा दाबत नेला असता तर एका जागी तो कळवळला असता आणि मला कळलं असतं. पण मी हात लावला नाही. भरतीच्या दिवशी तो गोळी खाऊन धावला आणि मैदानातच त्याचं हाड मोडलं. वयाची मर्यादा संपत आली होती. पुढची संधी त्याला मिळालीच नाही.

त्याने दुखणं भरतीवाल्यांपासून लपवलं होतं. पण ते लपवायला गोळी मी दिली होती. म्हणून हा लेख.

आधी रस्ता समजून घ्या

पॅरा स्पेशल फोर्सेससाठी गावातून वेगळा फॉर्म भरता येत नाही. आधी सैन्यात भरती व्हावं लागतं. पॅरासाठी जवान स्वतःहून नाव देतो, तिथे कुणाला जबरदस्तीने पाठवत नाहीत. नाव दिल्यावर काही महिन्यांचा परीक्षेचा काळ असतो. त्यात ओझं घेऊन लांब चालणं, अपुरी झोप, अपुरं अन्न आणि सतत ताण असतो. बहुतेक जण मधूनच आपल्या मूळ युनिटला परत जातात. पॅराशूटच्या उड्यांचं प्रशिक्षण आग्र्याला होतं.

ही वाट आपल्या मातीला नवी नाही. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेश युद्धात टांगाईलजवळ पॅराशूटने उतरलेली २ पॅरा ही मुळात मराठा बटालियन. आजची २१ पॅरा एसएफ ही पूर्वीची २१ मराठा लाइट इन्फंट्री, आणि तिचं टोपणनावच 'वाघनखं' आहे. सातारा जिल्ह्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक याच २१ पॅराचे अधिकारी. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना ते शहीद झाले. तेव्हा ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करत होते. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक पुढे स्वतः प्रशिक्षण घेऊन २०१७ मध्ये सैन्यात अधिकारी झाल्या. तेव्हा हे स्वप्न पाहणाऱ्या पोराला मी कधीच हसत नाही. माझं म्हणणं तयारीबद्दल आहे.

आमच्याकडची तयारी

अग्निवीरच्या मैदानी परीक्षेत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत पळालं की पूर्ण ६० गुण मिळतात आणि दहा पुल-अप्सचे ४० गुण. त्यामुळे सगळं लक्ष घड्याळावर. डांबरी रस्ता, झिजलेले बूट, पोटात रात्रीची भाकरी आणि भरतीची तारीख लागली की एकदम दुप्पट पळणं. मग काही दुखलं की गोळी. गोळीने भागलं नाही की कुठूनतरी 'ताकदीचं इंजेक्शन'. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. त्याने दोन दिवस हुरूप येतो, दुखणं दबतं. पण वरचेवर घेतलं तर हाडं ठिसूळ होतात आणि शरीराची स्वतःची स्टेरॉइड तयार करण्याची यंत्रणा मंदावते. मग खऱ्या ताणाच्या वेळी शरीर साथ देत नाही.

हाडाचं गणित सोपं आहे. पळताना हाडाला बारीक इजा होते, विश्रांतीत ती भरून निघते आणि हाड आधीपेक्षा घट्ट होतं. भरून निघायला वेळच दिला नाही तर इजेवर इजा साचते आणि बारीक चीर पडते. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पहिले दोन-तीन आठवडे ती साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. त्यामुळे "फोटो नॉर्मल आहे, पळ" असं कुणी म्हणालं तरी थांबा. वेळेत ओळखलं तर साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीत बहुतेक चिरा भरून येतात. दुर्लक्ष केलं तर मात्र हाड आरपार मोडू शकतं.

थकवा आणि इजा यातला फरक

"सर, दुखणं सहन करायचं नाही तर कमांडो कसलं व्हायचं?" हा प्रश्न मला हमखास येतो. प्रश्न बरोबर आहे. सहनशक्ती लागतेच. पण दुखणं दोन प्रकारचं असतं.

थकव्याचं दुखणं दोन्ही पायांत असतं, पसरलेलं असतं, दोन-तीन दिवसांत उतरतं आणि हलकं चाललं की मोकळं होतं. ते सोसा.

इजेचं दुखणं एका बाजूला असतं, एका बोटाने दाखवता येतं, दर आठवड्याला लवकर सुरू होतं, शेवटी रात्री झोपेतही ठणकतं. ते दाखवा. जांघेत खोल दुखत असेल आणि त्या पायावर एकट्याने उभं राहवत नसेल तर त्याच दिवशी दाखवा, कारण खुब्याच्या हाडाची चीर फार महागात पडते.

ज्या जवानाला हा फरक कळतो तो डोंगरात साथीदारांवर ओझं होत नाही. सहनशक्तीचा हासुद्धा एक भाग आहे.

जिवावर बेतणाऱ्या तीन गोष्टी

पहिली, ऊन. २०२४ मध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाई भरतीत १० किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक उमेदवार दगावले. जुलै २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये एसएएस या स्पेशल फोर्सच्या राखीव दलाची निवड चालू होती. उन्हाच्या दिवशी पाठीवर वीस किलोहून जास्त ओझं घेऊन डोंगर चढताना उष्माघात झाला आणि तीन जवान गेले. ते गुबगुबीत, बिनतयारीचे लोक नव्हते. मेहनत करताना स्नायू स्वतः उष्णता तयार करतात. बाहेर ऊन आणि दमटपणा असेल तर ती बाहेर टाकता येत नाही.

पळणारा पोरगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, तर तो 'ढोंग करतोय' असं समजू नका. आधी थंड करा, मग दवाखान्यात हलवा. गुरांच्या पाण्याचा हौद जवळ असेल तर डोकं वर धरून त्यात बसवा. नसेल तर अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला, मान, काख आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पहिला अर्धा तास सगळ्यात मोलाचा असतो. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. ती एका दिवसात होत नाही.

दुसरी, लघवीचा रंग. बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर एकदम बेदम व्यायाम केला आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली, अंग सुजून आखडलं, तर स्नायू तुटून त्यातला रंग मूत्रपिंडात उतरतोय असं समजा. हे अंगावर काढायचं दुखणं नाही, तातडीने दवाखाना गाठा. अशा वेळी, किंवा पाणी कमी प्यालेलं असताना, डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेणं म्हणजे मूत्रपिंडावर दुहेरी घाव.

तिसरी, हृदय. पळता पळता चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं. यातलं एक जरी असेल तर पळणं थांबवून आधी ईसीजी आणि इको करून घ्या.

लपवण्याचा शेवट

४ फेब्रुवारी २०२२ रोजी अमेरिकेच्या नेव्ही सील निवडीतला सर्वांत कठीण आठवडा एका २४ वर्षांच्या उमेदवाराने पूर्ण केला. काही तासांत तो न्यूमोनियाने गेला. नंतरच्या चौकशीत निघालं की बाहेर काढतील या भीतीने उमेदवार आजार सांगतच नव्हते. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या निवडीतही पोरं तेच करतात जे आपल्या वडवणीत करतात. आणि निकालही तोच लागतो.

माझं मत स्पष्ट आहे. दुखणं सांगायला धैर्य लागतं, आणि ते सांगणारा पोरगा भित्रा नसतो. पण हे धैर्य एकट्या पोराकडून मागणं अन्याय आहे. सांगितल्यावर त्याला "नाटकं करतोय" म्हणणारा प्रशिक्षक असेल, "एवढा खर्च केला, आता मागे फिरतो?" म्हणणारे वडील असतील, आणि हात न लावता गोळी लिहिणारा डॉक्टर असेल, तर तो लपवणारच.

म्हणून सगळ्यांनाच सांगतो.

पोरांनो, भरतीच्या वर्षभर आधी एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. रक्तातलं हिमोग्लोबिन, रक्तदाब, नजर, रंग ओळखण्याची क्षमता, कान, दात, पायाचे तळवे आणि गुडघे, हर्निया, पायांवरच्या फुगलेल्या शिरा. यातल्या काही गोष्टी तेव्हा दुरुस्त होऊ शकतात. रंगांधळेपणासारख्या होत नाहीत, पण ते वेळेत कळलं तर दुसरी वाट धरता येते. पळण्याचं अंतर आठवड्याला थोडं थोडं वाढवा, डांबरापेक्षा मातीवर पळा, आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या. रोज सात-आठ तास झोपा. डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी हे आपल्याकडे मिळतं. महागड्या डब्यातल्या पावडरीशिवाय भागतं.

ॲकॅडमी चालवणाऱ्यांनो, "कुणाला काय दुखतंय?" हे रोज सगळ्यांसमोर नाही, एकेकट्याला विचारा.

आईवडिलांनो, लांबून फोन करता तेव्हा "किती मिनिटांत पळालास?" बरोबर "पाय कसा आहे?" हेही विचारा.

आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, गर्दी कितीही असो, नडगीवरून अंगठा फिरवायला दहा सेकंद लागतात.

तो मुलगा आता ट्रॅक्टर चालवतो. पाय बरा आहे, थंडीत ठणकतो एवढंच. माझ्यावर राग धरला असता तरी मी समजू शकलो असतो. गेल्या पावसाळ्यात तो चुलतभावाला घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, ह्याला पॅरात जायचंय. ह्याचा पाय हात लावून बघा."

मी बघितला.