मिरजेचे लाकूड आणि कर्ण्याचा स्पीकर

मागच्या अंकात आम्ही अब्बांच्या जुन्या ग्रामोफोनच्या दुरुस्तीविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा डोकावला. वीज नाही, अँप्लिफायर नाही, तरी त्या यंत्राचा आवाज सगळ्या घरभर कसा पोहोचत असे? उत्तर त्याच्या कर्ण्यात आहे. सुईकडे बोटाएवढा अरुंद, तोंडाशी परातीएवढा रुंद. याच तत्त्वावर घरगुती स्पीकर आजही बनतात. काही कंपन्या बनवतात, आणि बरीच हौशी मंडळी आपल्या हाताने बनवतात. गेल्या हिवाळ्यात आम्हीही एक जोडी करायला घेतली. मदतीला आमचे खालू होते. ते मिरजेचे, सारी हयात सितार आणि तंबोरे घडवण्यात गेलेले. काम जवळजवळ बिघडले तेही त्यांच्यामुळे आणि सुधारले तेही त्यांच्यामुळेच.

आधी कर्णा काय करतो ते पाहू. उघड्या हवेत तळहात हलवा. हवा बाजूला सरकते, हाताला फारसे काही जाणवत नाही. स्पीकरच्या कागदी कोनाचेही तसेच होते. तो हलतो आणि हवा निसटते. घरातल्या नेहमीच्या स्पीकरला दिलेल्या शंभर वॅटपैकी बहुतेक वेळा एक वॅटसुद्धा आवाज होऊन बाहेर पडत नाही, बाकीची उष्णता होते. कोनापुढे अरुंद गळा ठेवला की हवेला निसटायला वाट उरत नाही. तो गळा हळूहळू रुंदावत नेला की कोंडलेला दाब खोलीत अलगद उतरतो. शेतातून हाक मारताना आपण तोंडाशी दोन्ही तळवे धरतो, ते याचसाठी.

अडचण येते ती खर्जाची. चाळीस हर्ट्‌झच्या, म्हणजे पार खालच्या सुराची एक लाट साडेआठ मीटर लांब असते. तिला नीट बाहेर सोडायचे तर कर्ण्याच्या तोंडाचा घेर साधारण तेवढाच हवा. म्हणजे तोंड पावणेतीन मीटर रुंद! एवढा कर्णा दिवाणखान्यात आणायचा तर घरच्यांना बाहेर निजावे लागेल.

यातून वाट काढली ती अमेरिकेतल्या पॉल क्लिप्श यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते अर्कान्सा राज्यातल्या होप या छोट्या गावी दारूगोळ्याच्या चाचणी-मैदानावर नेमणुकीला होते. त्यांनी कर्णा घडी घालून पेटीत बसवला आणि ती पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. कोपऱ्याला दोन भिंती आणि खाली जमीन असते, त्यामुळे आवाजाला पसरायला सगळ्या अवकाशाचा आठवाच हिस्सा उरतो. म्हणून तोंडही आठव्या हिश्श्याचे पुरते. खोलीच्या भिंतीच कर्ण्याचा शेवटचा भाग होतात. १९४६ मध्ये त्यांनी होपमध्येच कंपनी काढली. त्यांचा 'क्लिप्शहॉर्न' तेव्हापासून आजतागायत बनतो आहे. कंपनी त्याची जी क्षमता सांगते ती १०५ डेसिबलच्या आसपास आहे. साध्या घरगुती स्पीकरची ८७ धरली, तर तो साठ वॅट घेऊन जेवढा आवाज देईल तेवढा हा एका वॅटमध्ये देतो. पण आम्हाला भुरळ पडली ती मोठ्या आवाजाची नव्हे. कोनाला फार हलावे लागत नाही, म्हणून बारीक आवाजातही शब्द स्वच्छ राहतात, आणि अब्बांना आताशा कमी ऐकू येते.

आमची योजना त्याहून पुष्कळ लहान होती. आठ इंची एकच स्पीकर. त्याची पुढची बाजू मोकळी आणि मागचा आवाज घडीच्या कर्ण्यातून फिरवून खाली तोंडाशी आणायचा. इथे एक हिशेब पाळावाच लागतो. पन्नास हर्ट्‌झपर्यंत उतरायचे असेल तर कर्ण्याच्या छेदाचे क्षेत्रफळ दर ३८ सेंटीमीटरला दुप्पट झाले पाहिजे. आम्ही गळा १०० चौरस सेंटीमीटरचा धरला. मग २००, ४००, ८००, १६००. चार वेळा दुप्पट, म्हणजे दीड मीटरचा रस्ता आणि शेवटी चाळीस सेंटीमीटर चौरस तोंड. पन्नास हर्ट्‌झला हे तोंडही अपुरेच आहे, पण पेटी कोपऱ्याला लावली की बरेच भागते. स्पीकरच्या पाठीमागे एक छोटी कोठडीही ठेवावी लागते. तिच्यामुळे वरचे सूर कर्ण्यात शिरत नाहीत. नाहीतर तोच शब्द एकदा पुढून आणि क्षणभराने खालून ऐकू येतो. घड्यांचा नकाशा आधी वर्तमानपत्राच्या कागदावर खऱ्या मापात काढला, जमिनीवर पसरला आणि तीन वेळा फाडला.

लाकूड निवडताना खालूंनी १२ एमएम प्लाय काढला. आम्ही १८ म्हणत होतो.

"जाड लाकूड म्हणजे मेलेलं लाकूड," खालू म्हणाले. "सितारीची तबली जाड ठेवली तर ती मुकी होते. लाकडाला बोलू दे, बेटा."

त्यांच्यापुढे आम्ही काय बोलणार? एकेकाळी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत हा हुन्नर उभा केला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणि तून लाकूड यांतून त्यांनी वाद्यांना जो गळा दिला, तो देशभर वाजतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सितार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. शिवाय खालूंच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून मुलांनी त्यांच्या हातातले काम काढून घेतले होते. वर्षभराने ते पुन्हा करवत धरत होते. आम्ही १२ एमएमला होकार दिला.

दोन महिन्यांत जोडी उभी राहिली. सांध्यांची सफाई अशी की नख अडकू नये. उदबत्ती पेटवून आम्ही प्रत्येक सांध्याजवळून फिरवली. खालचा सूर सुरू असताना धूर कुठे थरथरला तर तिथे फट आहे असे समजायचे. एकही फट निघाली नाही. मग आकाशवाणी सांगली लावली. बातम्या सुरू झाल्या आणि निवेदक मडक्यात तोंड घालून बोलत आहे असे वाटू लागले. कव्वालीतल्या टाळ्या मात्र सुरेख, समोर बसून वाजवल्यासारख्या. पेटीच्या बाजूवर हात ठेवला तर पुरुषी आवाजाच्या ठरावीक सुरांना फळी तळहाताला गुदगुल्या करत होती. लाकूड बोलत होते, निवेदकाच्या बरोबरीने.

खालूंना कसे सांगावे या विचारात आठवडा गेला. ते रोज संध्याकाळी कुणाला तरी बरोबर घेऊन यायचे आणि पेट्या दाखवायचे. शेवटी अम्मीनेच सांगून टाकले, "दुलाभाई, यातला माणूस साफ बोलत नाही." खालू चहा अर्धा ठेवून उठले. "मग सुताराकडूनच करून घ्यायचं होतं," एवढेच म्हणाले. पुढचे चार दिवस ते आले नाहीत.

आम्ही त्यांच्या घरी गेलो ते एक छायाचित्र घेऊन. क्लिप्श यांचा 'ला स्काला' नावाचा दुसरा स्पीकर आहे. तो १९६३ मध्ये विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या निवडणूक-प्रचारासाठी तयार झाला आणि पुढे घराघरांत गेला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या फळ्या पाऊण इंची असूनही कंप पावतात. जुने ला स्काला बाळगणारे लोक दोन फळ्यांच्या मध्ये आडवी पट्टी ठोकून त्यांना गप्प करतात. पुढे कंपनीनेही त्या फळ्या एक इंच जाडीच्या केल्या. त्यांच्या जुन्या मॉडेलांतला मधल्या सुरांचा धातूचा कर्णा टिचकी मारली की घंटेसारखा वाजतो. त्यावर हौशी लोक मोटारीच्या दारात लावतात तसली डांबरी पट्टी बाहेरून चिकटवतात. तीस-चाळीस वर्षांनी आतले कपॅसिटर म्हातारे होतात. ते बदलताना मूल्य मात्र तेच ठेवायचे, मोठे घातले म्हणजे चांगले असे नसते. आणि कर्ण्याच्या वाटेत कापूस कोंबणे ही दुरुस्ती नव्हे, तिथे खर्ज जिरून जातो. हे सगळे आम्ही खालूंना सांगितले. छायाचित्र त्यांनी पाहिले आणि उशीजवळ पालथे ठेवले.

मग आम्ही एक विनंती केली. एकच पेटी बदलू, दुसरी आहे तशी राहू द्या. ऐकून तुम्हीच ठरवा.

ही युक्ती खालूंची समजूत काढण्यापुरती नव्हती. जोडीतला कुठलाही बदल असाच करावा असे आमचे पक्के मत झाले आहे. दोन्ही स्पीकर एकदम बदलले की जुना आवाज आठवणीतच उरतो, आणि पैसे खर्च केलेल्या माणसाच्या आठवणीवर आम्ही विश्वास ठेवत नाही. एका वेळी एक बदल, तोही एकाच पेटीत.

उजवी पेटी घेतली. तिच्या दोन्ही बाजूंना बाहेरून आणखी एक १२ एमएम फळी सरसाने डसवून रात्रभर शिकंज्यात ठेवली. दोन फळ्या नीट एकजीव झाल्या, म्हणजे जाडी दुप्पट झाली, की ताठपणा जवळजवळ आठपट होतो. तोंडातून हात जाईल तिथे एक उभी पट्टी बसवली. तिची धार हवेच्या वाटेकडे केली आणि ती मुद्दाम मधोमध न लावता थोडी बाजूला लावली. मधोमध लावली असती तर फळीचे दोन सारखे भाग एकाच सुरावर थरथरले असते. आत वाकून बघणे खालूंना डोळ्यांमुळे झेपेना. पट्टी आम्ही बसवली, पण कुठे ते त्यांनी बोटांनी ठोकून, आवाज ऐकून सांगितले. आमची पेन्सिलीची खूण चार बोटे चुकली होती.

रविवारी दोन्ही पेट्यांपुढे पातळ चादर टांगली. कोणती कुठे आहे हे अम्मीला माहीत नव्हते. बातम्या एकदा एकीवर, एकदा दुसरीवर, असे पाच-सहा वेळा केले. अम्मी वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "डावीकडच्याला सर्दी झालीय." दर वेळी डावीकडच्यालाच. अब्बा काही बोलले नाहीत. उजवी लागली की मात्र कानाशी धरलेला हात खाली घेत होते.

खालू उठले. चादरीच्या मागे गेले आणि एक तळहात डाव्या पेटीवर, दुसरा उजवीवर ठेवून बराच वेळ उभे राहिले. आम्ही आवाज हळूहळू चढवला. उजवी फळी स्तब्ध होती.

"तारच नाही ना इथं," ते स्वतःशीच म्हणाले. "तार बारीक असते, तिला लाकडाची साथ लागते. इथं बोलायचं ते हवेनं." मग आमच्याकडे वळले, "पेन्सिल दे."

डाव्या पेटीवरही त्यांनी खुणा केल्या. अट एकच घातली. दोन्ही कर्ण्यांच्या तोंडाची कड ते तून लाकडाची, तंबोऱ्यासारखी गोलसर आणि वेलबुट्टीची करणार. धारदार कडेपेक्षा गोल कड आवाजाला बरीच असते, म्हणून आम्ही लगेच हो म्हटले. तून लाकूड त्यांच्या कारखान्याच्या माळ्यावर आहे. मुलांना न विचारता ते खाली काढायचे कसे, एवढेच अजून ठरायचे आहे.