दलाली दोघांकडून, बाजू कोणाची?

पुण्यात, ठाण्यात किंवा नाशकात जुना फ्लॅट विकला जातो तेव्हा पुष्कळदा एजंट एकच असतो आणि दलाली दोघांकडून घेतो. साधारण रीत अशी की एक टक्का विकणारा देतो, एक टक्का घेणारा. काही भागांत दोन-दोन टक्के. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की विसार हातात ठेवतानाही कुणी विचारत नाही, हा माणूस नेमका कोणाच्या वतीने बोलतोय?

हिशेब मांडून पाहावा. फ्लॅट एक कोटीचा. दोन्हीकडचा एक-एक टक्का मिळून एजंटला दोन लाख. त्याने भाव पाच लाखांनी खाली आणला तर घेणाऱ्याचे पाच लाख वाचतात आणि एजंटचे दहा हजार जातात. पण घासाघीस ताणली आणि व्यवहारच मोडला, तर त्याचे सगळे दोन लाख जातात. म्हणजे भाव चढो की उतरो, त्याला फारसा फरक पडत नाही. व्यवहार होणे आणि लवकर होणे, यातच त्याचे हित आहे.

हा कुणाच्या हेतूवरचा आरोप नव्हे. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागोच्या उपनगरांतील सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध केला. एजंटांनी स्वतःच्या मालकीची घरे विकली तेव्हा ती सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवली आणि सुमारे 3.7 टक्के जास्त भाव मिळवला. ग्राहकाच्या घरासाठी तेवढे थांबणे त्यांना परवडत नव्हते. एकाच बाजूच्या एजंटची ही गत असेल, तर दोन्ही बाजू सांभाळणाऱ्याकडून काय अपेक्षा ठेवायची?

शिवाय त्याच्याकडे दोघांचीही गुपिते असतात. विकणाऱ्याची बदली झाली आहे, त्याला दोन महिन्यांत पैसे हवेत, हे त्याला माहीत असते. घेणाऱ्याला बँकेने किती कर्ज मंजूर केले, हेही त्याला माहीत असते. पार्किंगवरून सोसायटीत चाललेला वाद, पावसाळ्यात गळणारी भिंत, भोगवटा प्रमाणपत्राचा घोळ यांतले काय सांगायचे आणि काय गिळायचे, तेही तोच ठरवतो. पुष्कळदा कागद तपासणारा वकील आणि कर्ज मिळवून देणारा माणूसही त्यानेच सुचवलेला असतो. घेणाऱ्याला वाटते आपल्याभोवती तिघे सल्लागार आहेत. त्या तिघांचीही कमाई हा व्यवहार होण्यावर अवलंबून असते.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. एजंटने ज्याचे काम घेतले त्याची संमती न घेता, महत्त्वाची माहिती न देता त्याच व्यवहारात स्वतःच्या फायद्यासाठी हात घातला, तर तो व्यवहार नाकारण्याचा मार्ग या कायद्याच्या कलम 215 मध्ये आहे. पण त्यासाठी अमुक माणूस आपला एजंट होता हे आधी सिद्ध करावे लागते, आणि इथे तर सगळे तोंडी चाललेले. 2016 च्या रेरा कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली. राज्याच्या महारेरा प्राधिकरणाने 2023 मध्ये प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. मात्र या कायद्यातली एजंटची व्याख्या बांधकाम प्रकल्पातील विक्रीशी बांधलेली आहे. तीस वर्षांच्या जुन्या सोसायटीतला फ्लॅट एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जातो, तिथे कायद्याचा हात क्वचितच पोहोचतो.

अमेरिकेत हा प्रश्न कोर्टात आणि कायदेमंडळांत लढला गेला. कॅलिफोर्नियातील मालिबू इथे 2007 मध्ये एका खरेदीदाराने आलिशान घर घेतले. जाहिरातीत क्षेत्रफळ सुमारे पंधरा हजार चौरस फूट होते. सरकारी नोंदींत त्याहून बरेच कमी. विकणाऱ्याच्या एजंटने आधीच्या एका ग्राहकाला क्षेत्रफळ तपासून घ्यायला सांगितले होते, या खरेदीदाराला नाही. दोन्ही बाजूंचे एजंट वेगळे, पण दोघेही कोल्डवेल बँकर या एकाच कंपनीचे. कंपनी दोघांची एजंट असेल तर तिचा प्रत्येक एजंट खरेदीदारालाही तितकाच बांधील आहे, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिला. फ्लोरिडा आणि कोलोरॅडो या राज्यांनी तर दोन्ही बाजूंचे प्रतिनिधित्व एकाच एजंटकडे ठेवायलाच मनाई केली. तिथे असा मध्यस्थ कुणाचीही बाजू न घेता फक्त व्यवहार जुळवतो. ऑगस्ट 2024 पासून अमेरिकेतील एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेच्या सदस्यांना घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो. त्यात मोबदला आकड्यानिशी लिहावा लागतो.

महाराष्ट्रात दोन एजंट सक्तीचे करा, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. सांगली-लातूरसारख्या शहरांत गल्लीतले प्रत्येक घर ओळखणारा माणूस एखादाच असतो. त्याच्या पायपिटीला आणि ओळखीला किंमत आहे, ती त्याला मिळायलाच हवी. पण घर दाखवण्याआधी एका पानाचा कागद त्याने द्यावा आणि त्यावर कोणाकडून किती दलाली घेणार, कोणाच्या वतीने बोलणार आणि कोणती माहिती गुप्त ठेवणार, हे लिहिलेले असावे. पुनर्विक्रीच्या व्यवहारांना हा कागद सक्तीचा करण्यासाठी राज्य सरकारने स्वतंत्र नियम करायला हवा. तोवर खरेदीदाराने हाच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून उत्तर जपून ठेवावे, कागद तपासायला स्वतःच्या ओळखीचा वकील लावावा आणि दलाली साठेखताच्या नोंदणीनंतर, बँकेतून, पावती घेऊनच द्यावी.