कॅमेरा विकत घेतांना

गेल्या कांहीं वर्षांत शाळकरी मुलांत एक नवी हौस दिसूं लागली आहे. खिशांत मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा आपणांजवळ असावा, असें पुष्कळांना वाटतें. कोणी ताईच्या कपाटांत पडून राहिलेला जुना कॅमेरा झाडूनपुसून बाहेर काढतो, तर कोणी वाढदिवसाचें निमित्त साधून वडिलांजवळ नव्याचा हट्ट धरतो. पुष्कळ शाळांतून सहलीस मोबाइल आणण्याची मनाई असते व कॅमेऱ्यास ती नसते, हेंहि त्याचें एक कारण असावें. हौस मुळींच वाईट नाहीं. ज्या मुलाच्या हातीं कॅमेरा असतो तो निदान उजेड कोणीकडून येत आहे हें तरी पाहावयास शिकतो. परंतु ही हौस पुरवितांना पालकांचे पांचसहा हजार रुपये ज्या रीतीनें फुकट जातात ती पाहून, या विषयावर चार शब्द स्पष्टपणें लिहिणें अवश्य वाटतें.

प्रथम बाजाराची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. जपानांतील कॅमेरे बनविणाऱ्या कंपन्यांच्या संघाचे आंकडे पाहिल्यास, २०१० सालीं बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे विक्रीसाठीं बाहेर पडले. त्यांपैकीं दहा कोटींहून अधिक हे भिंग अंगाशींच जोडलेले, म्हणजे बहुतेक छोटे कॅमेरे होते. २०२३ सालीं या दुसऱ्या वर्गाची संख्या सुमारें सतरा लक्षांवर आली होती. फोनमध्यें कॅमेरा आला आणि तो दरसाल सुधारत गेला. तेव्हां थोर थोर कंपन्यांनीं स्वस्त कॅमेरे काढणें जवळजवळ सोडून दिलें व आपलें लक्ष महाग मालाकडे वळविलें. मागणी मात्र आतां पुन्हा थोडी वाढली आहे. अशी रिकामी झालेली जागा कोण भरून काढतो, हें सांगावयास नको! ज्यांचें नांव पूर्वीं कोणीं ऐकलें नाहीं व पुढील वर्षीं कोणी ऐकणार नाहीं, असे कॅमेरे आज घरबसल्या मागवितां येतात, आणि त्यांच्या पेटीवर ‘४८ मेगापिक्सल’, ‘६४ मेगापिक्सल’ असे आंकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात.

या आंकड्यांनींच भोळा गिऱ्हाईक फसतो. मेगापिक्सल म्हणजे चित्रांतील दहा लक्ष बिंदु. हल्लीं जो ए-फोर आकाराचा कागद आपण परीक्षेस वापरतों, त्यावर दर इंचास ३०० बिंदु या उत्तम मापानें चित्र छापावयाचें म्हटल्यास २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारें ८७ लक्ष बिंदु पुरतात. चार इंच बाय सहा इंचांच्या नेहमींच्या फोटोस तर २२ लक्षांहूनहि कमी लागतात. मग ६४ मेगापिक्सल कशास हवे? आणि मौजेची गोष्ट अशी कीं, या निनांवी कॅमेऱ्यांपैकीं पुष्कळांत ते नसतातच. आंतील सेन्सर लहान प्रतीचा असतो. त्यानें टिपलेल्या दोन बिंदूंमध्यें कॅमेरा आपल्या गणितानें आणखी बिंदु भरतो व चित्र फुगवितो. पातळ ताकांत पाणी घालून हंडा भरावा, तशांतला हा प्रकार आहे.

खरा प्रश्न बिंदूंच्या संख्येचा नसून सेन्सरच्या आकाराचा आहे. उजेड हा पावसासारखा समजावा. पागोळीखालीं वाटी ठेवली तर किती पाणी सांठेल, आणि घमेलें ठेवलें तर किती? साधारण छोट्या कॅमेऱ्यांतील सेन्सर, ज्यास व्यापारी १/२.३ इंच असें म्हणतात, तो सुमारें ६.२ मिलिमीटर लांब व ४.६ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी त्याची लांबी. ‘एक इंची’ म्हणून जो विकला जातो तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो. त्याचें क्षेत्रफळ पहिल्याच्या चौपट भरतें, आणि म्हणून रात्रीच्या स्नेहसंमेलनांत रंगमंचावरील चेहरे त्यांत स्वच्छ येतात. (हा ‘एक इंच’ कोणत्याहि बाजूनें मोजला तरी एक इंच भरत नाहीं. जुन्या दूरदर्शन-कॅमेऱ्यांतील नळ्यांच्या बाहेरील जाडीवरून हीं नांवें पडलीं, व नळ्या गेल्या तरी नांवें राहिलीं.) असे कॅमेरे चांगले खरे, परंतु नवे घेतल्यास त्यांची किंमत सामान्य कुटुंबाच्या आंवाक्याबाहेर जाते, हेंहि सांगून टाकलें पाहिजे.

आतां टिकाऊपणाविषयीं. आमच्या मतें पालकांनीं दुकानदारास पहिला प्रश्न ‘फोटो कसे येतात?’ हा न विचारतां ‘यांत हालणारे भाग किती?’ हा विचारावा. छोट्या कॅमेऱ्याचें सर्वांत दुबळें अंग म्हणजे चालू करतांच पुढें सरकणारी भिंगाची नळी. तिच्या आंत नाजूक दांतेरी चाकें असतात. मालवणच्या किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर कॅमेरा वाळूवर ठेवला, अथवा वाळूनें भरलेल्या खिशांत टाकला, कीं एखादा कण त्या फटींत शिरतो. नळी अर्ध्यावर अडते आणि पडद्यावर भिंगाच्या बिघाडाची सूचना झळकते. दुरुस्तीस पुष्कळ वेळां कॅमेऱ्याच्या किंमतीइतका खर्च सांगतात. ज्यास खेळकर मुलाच्या हातीं कॅमेरा द्यावयाचा आहे, त्यानें भिंग बाहेर न येणारा, पाण्यास व धुळीस दाद न देणारा नमुना पाहावा. ऑलिंपस कंपनीनें २०१९ सालीं काढलेला टीजी-६ व त्याच घराण्यांतील २०२३ चा टीजी-७ हे या जातीचे होत. त्यांचा सेन्सर लहानच आहे, रात्रीचें काम बेताचेंच. परंतु १५ मीटर पाण्याखालीं चालण्यासाठीं ते बांधले आहेत. दोन्हींपैकीं एकच मिळत असेल, तर मुलासाठीं आम्ही चित्राच्या नजाकतीपेक्षां मजबुती पसंत करूं.

आपल्या हवेचाहि विचार केला पाहिजे. कोंकणांत व मुंबईंत पावसाळ्याचे चार महिने बंद कपाटांत ठेवलेल्या भिंगावर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आंतून पसरतात आणि ते कपड्यानें पुसून जाणारे नसतात. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यांत कॅमेरा ठेवावा. तांदळाच्या डब्यांत ठेवण्याची जी चाल आहे ती बरी नव्हे, कारण तांदळाचा पिठूळ भुगा फटींतून शिरतो. दमट हवेचा परिणाम केवळ भिंगावरच होतो असें नाहीं. २००५ सालीं असें उघडकीस आलें कीं, सोनी कंपनीनें आधींच्या दोन-तीन वर्षांत बनविलेल्या कांहीं सेन्सरांतील तारांचे सांधे उष्ण व दमट हवेंत सुटत असत. हे सेन्सर कॅनन, निकॉन, फुजीफिल्म इत्यादि अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसविलेले असल्यामुळें एकामागून एक सर्वांस फुकट दुरुस्तीची जाहिरात द्यावी लागली. यावरून पेटीवरील नांव कितीहि मोठें असलें तरी आंतील भाग कोणाचा, हें गिऱ्हाइकास दिसत नाहीं, हें कळून येईल.

नांवाचें म्हणाल तर कोडॅकचें उदाहरण पाहा. त्याच कंपनींत १९७५ सालीं स्टीव्हन सॅसन नामक तरुण इंजिनिअरानें पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्यांत बिंदु होते अवघे दहा हजार, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास तेवीस सेकंद लागत. २०१२ सालीं त्या कंपनीनें कॅमेऱ्यांचा धंदाच बंद केला. त्यानंतर त्या नांवाचे जे डिजिटल कॅमेरे निघाले ते नांव वापरण्याचा परवाना घेऊन इतरांनीं काढलेले आहेत. ते वाईटच असतील असें नाहीं. पण आजोबांच्या आठवणीवर विसंबून घेऊं नयेत एवढेंच.

ज्यांचा खिसा लहान आहे त्यांनीं निनांवी नवा घेण्यापेक्षां नामांकित जुना घ्यावा, अथवा कांहींच न घेतां घरच्या फोनवर भागवावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. जुन्या सीसीडी सेन्सरांतील रंगांची हल्लीं जी वाखाणणी चालते, तिच्यापायीं मात्र दुप्पट किंमत मोजूं नये. जुना घेतांना दुकानांत, मग तें मुंबईच्या बोरा बाजारांतील असो कीं आपल्या गांवचें, लाजूं नये. कॅमेरा दहा वेळां चालू-बंद करावा व नळीचा आवाज कान देऊन ऐकावा. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून त्यांत डाग दिसतात काय तें पाहावें; भिंगावर हात ठेवून काळा फोटो काढावा व त्यांत चमकणारे ठिपके शोधावे. बॅटरीच्या कप्प्यांत हिरवट गंज असल्यास तो कॅमेरा परत द्यावा. त्या नमुन्याची बॅटरी आज मिळते काय, याची चौकशी आधीं करावी. या दृष्टीनें कॅननच्या ए-५९० सारखे, साध्या पेन्सिल सेलवर चालणारे कॅमेरे गरिबास फार सोयीचे. त्यांत पुन्हा भरतां येणारे सेल घालावे. कार्डाचेंहि तसेंच. ऑलिंपस व फुजीफिल्म यांनीं २००२ सालीं काढलेलें एक्सडी कार्ड पुढें बंद पडलें. एसडी कार्ड मात्र अजून कोणत्याहि दुकानांत मिळतें.

येथें धाडसी विद्यार्थ्यांस एक ताकीद दिली पाहिजे. बिघडलेला कॅमेरा घरीं उघडून पाहूं नये. फ्लॅशसाठीं जो कपॅसिटर आंत असतो त्यांत बॅटरी काढून घेतल्यावरहि सुमारें ३०० व्होल्टपर्यंत दाब राहूं शकतो, आणि त्याचा धक्का सामान्य नव्हे.

नवा घेतल्यास छापील पावती व भारतांतील हमीपत्र घेतल्यावांचून पैसे देऊं नयेत. बाहेरून चोरवाटेनें आलेला माल हजार रुपयांनीं स्वस्त पडतो, परंतु त्याची हमी येथें कोणी पाळीत नाहीं. आणि कॅमेरा घरीं आणल्यावर पहिलें चित्र काढण्यापूर्वीं त्यांतील घड्याळाची तारीख व वेळ बरोबर लावावी. जुन्या कॅमेऱ्यांत बॅटरी फार दिवस काढून ठेवली कीं ती पुसली जाते, आणि मग आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो ती साठीची असतांनाच्या सालावर जाऊन बसतात.